शेवटच्या धावपट्टीचा हिशेब

मालवाहू विमानाच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर वजनाचा आकडा असतो. विमान इतके टन माल नेईल, असे तो सांगतो. आकडा खोटा नसतो, पण तो समुद्रसपाटीवरच्या, लांबलचक पक्क्या धावपट्टीवरच्या, बेताच्या उन्हातला असतो. लढाई पेटलेल्या मुलखात माल पोचवायचा झाला की यातले काहीच जागेवर नसते. धावपट्टी कच्ची असते, डोंगर अंगावर येतात, परतीचे इंधन सोबत न्यावे लागते आणि माल उतरवायला फार वेळ मिळत नाही. मग कागदावरच्या टनांतून वजाबाकी सुरू होते. शेवटी उरते ते त्या विमानाचे खरे बळ.

भारतीय वायुदलाला ही वजाबाकी लडाखने शिकवली. डाकोटा, पॅकेट, अँटोनोव्ह-१२, अ‍ॅव्हरो, अँटोनोव्ह-३२ आणि हर्क्युलिस अशी सहा विमाने या ना त्या काळात या शिकवणीतून गेली. त्यातल्या प्रत्येकाने विमान निवडताना विचारायचा एकेक नवा प्रश्न पुढे आणला.

लडाखच का, याचे उत्तर हवेत आहे. लेहची धावपट्टी सुमारे १०,७०० फुटांवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत तीन-चतुर्थांशही घन नसते. काराकोरम खिंडीजवळचे दौलत बेग ओल्डी १६,६०० फुटांवर आहे आणि तिथे घनता साठ टक्क्यांच्या आसपास उतरते. विरळ हवा विमानाला तीन ठिकाणी अडवते. पंखांना तेवढीच उचल मिळवायला जास्त वेग लागतो. दौलत बेग ओल्डीला हा जमिनीवरचा वेग जवळपास तीस टक्क्यांनी वाढतो. इंजिनाला श्वास कमी पडतो, त्यामुळे तो वाढीव वेग गाठायला धावपट्टी जास्त लागते. आणि उतरताना चाके त्याच वाढीव वेगाने जमिनीला टेकतात, म्हणून थांबायलाही जागा जास्त लागते. दिवस तापला की हवा आणखी विरळ होते, दुपारी वारे उठतात. लेहची उड्डाणे सकाळी उरकण्याची रीत त्यातून पडली.

या शिकवणीचा पहिला धडा, काश्मीरच्या लढाईतला, तुलनेने सोपा होता. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून निघालेल्या डाकोटांनी लेफ्टनंट कर्नल रणजित राय यांची पहिली शीख पलटण श्रीनगरला उतरवली. वायुदलाकडे विमाने पुरेशी नव्हती, म्हणून खासगी कंपन्यांच्या डाकोटाही कामाला लावल्या होत्या. श्रीनगर साडेपाच हजार फुटांच्या आतबाहेर, धावपट्टी आधीपासूनची. डाकोटाला एवढे झेपत होते. दोन इंजिने, अडीच-पावणेतीन टनांचा माल, आणि शेतातही उतरू शकेल असा दणकटपणा, ही तिची दुसऱ्या महायुद्धातली कमाई होती.

खरी परीक्षा पूंछला झाली. शहराला वेढा पडलेला, आत ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांची फौज आणि हजारो निर्वासित. सैनिकांनी आणि निर्वासितांनी मिळून डिसेंबर १९४७ मध्ये धावपट्टी खणून काढली. टेकड्यांच्या वेढ्यातल्या त्या पट्टीवर एअर कमोडोर मेहर सिंग यांनी पहिले विमान स्वतः उतरवले. पुढे वर्षभर, वेढा फुटेपर्यंत, डाकोटांनी तिथे धान्य, दारूगोळा आणि तोफाही पोचवल्या व परतताना जखमींना आणि निर्वासितांना बाहेर काढले. विमान किती नेते एवढेच पाहून भागत नाही, उतरायला त्याला किती कमी जागा पुरते हेही पाहावे लागते, हे पूंछने ठसवले.

लेहचा प्रश्न याहून अवघड निघाला. फेब्रुवारी-मार्च १९४८ मध्ये मेजर पृथी चंद यांची छोटी तुकडी ऐन हिवाळ्यात झोजिला ओलांडून लेहला पोचली होती. तिच्याबरोबर गेलेले लडाखी अभियंते सोनम नोर्बू यांनी सिंधूकाठच्या वाळवंटी सपाटीवर, गावकऱ्यांच्या हातांनी धावपट्टी तयार केली. मे महिन्यात कारगिल हातचे गेले आणि लेहला जाणारी वाटच तुटली. आता फौज पोचेल तर हवेतूनच. पण इतक्या उंचीवर डाकोटा उतरवण्याचे ना कोणाला शिक्षण होते, ना त्या मार्गाचे धड नकाशे. डाकोटाच्या पोटात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. झोजिला आणि फोतुला ओलांडताना आतल्या माणसांच्या वाट्याला बाहेरचीच विरळ हवा येणार होती.

२४ मे १९४८ रोजी मेहर सिंग डाकोटा घेऊन निघाले. सोबत मेजर जनरल थिमय्या होते, कारण त्या आघाडीची जबाबदारी त्यांची होती आणि धोका दोघांनी मिळून पत्करावा असे ठरले होते. विमान उतरले, आणि मुख्य म्हणजे पुन्हा उडाले. मागोमाग आणखी डाकोटा निघाल्या, गुरख्यांची कुमक आली, लेह वाचले. मेहर सिंग यांना महावीर चक्र मिळाले.

या शौर्यकथेच्या पोटात एक रुक्ष हिशेबही दडलेला आहे. लेहला इंधन मिळत नव्हते. म्हणजे निघताना भरलेल्या इंधनावरच परत यायचे, आणि ते इंधन मालाची जागा खाणार. उंच खिंडी ओलांडायच्या तर एकूण वजन आवरते घ्यायचे. कागदावर जवळपास तीन टन नेणारी डाकोटा लेहच्या फेरीत त्यातला काही भागच नेऊ शकत होती. सैनिक नेता आले, जड सामान नेता आले नाही. लढाई त्या वेळी बंदुकांची होती म्हणून एवढ्यावर भागले.

पुढच्या दशकात भागेनासे झाले. चीनने अक्साई चिनमधून रस्ता काढल्याचे १९५७ नंतर उघड झाले. १९६१च्या अखेरीपासून भारताने सीमेलगत पुढे पुढे ठाणी उभारण्याचे धोरण धरले. पण ठाण्यांपर्यंत रस्ते नव्हते. श्रीनगर-लेह रस्ता झोजिलापाशी हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद राही, आणि त्याच्या पुढे खेचरे आणि हमाल. नकाशावर ठाण्याची खूण उमटली की पीठ, रॉकेल, दारूगोळा आणि गरम कपडे यांचा भार आपोआप वायुदलावर पडे.

यासाठी हाताशी होते ते अमेरिकन बनावटीचे फेअरचाइल्ड पॅकेट. १९५४ पासून ते वायुदलात येऊ लागले. त्याचा आकारच मालासाठी घडवलेला होता. मागे दोन दांड्यांवर शेपूट, मधे खोक्यासारखे पोट आणि पोटाच्या मागच्या टोकाला पूर्ण उघडणारी दारे. डाकोटात माल कडेच्या दारातून, तिरप्या जमिनीवरून ओढत चढवावा लागे. पॅकेटच्या मागे ट्रक उभा केला की माल सरळ आत. दारे काढून ठेवली की हवेतून माल टाकणेही सोपे. आर्मी सर्व्हिस कोअरचे जवान आत उभे राहत आणि वैमानिकाची खूण मिळताच गठ्ठे बाहेर ढकलत. काही माल छत्रीने उतरे, काही पोती नुसतीच सोडली जात. दरीत गेलेले पोते गेलेच. टाकलेल्या मालातला किती हाती लागला हा वेगळाच हिशेब होता, आणि त्यामुळेच शक्य तिथे विमान उतरवणे परवडे.

पॅकेटचे दुखणे इंजिनात होते. साडेतीन हजार अश्वशक्तीच्या आसपासची दोन पिस्टन इंजिने सपाटीवर भरपूर, पण हिमालयात एक बंद पडले तर उरलेल्या एकावर भरलेले विमान शिखरांच्या वर राहील याची खात्री नाही. यावर काढलेली तोड मोठी मासलेवाईक होती. पॅकेटच्या पाठीवर एक छोटे जेट इंजिन बसवायचे, उड्डाणाच्या वेळी आणि अडचणीत तेवढे चालवायचे. आधी अमेरिकन इंजिने आली. नंतर बंगळूरच्या एचएएलमध्ये नॅट लढाऊ विमानासाठी बनणारे ऑर्फियस इंजिनच पॅकेटच्या पाठीवर चढवले गेले. मुख्य इंजिनांच्या बळाला तिसऱ्याचा टेकू मिळाला. दोन्ही इंजिने धडधाकट असताना विमान किती उचलते, या जुन्या प्रश्नाशेजारी आता नवा प्रश्न येऊन बसला होता: एक इंजिन गेल्यावर किती उचलते?

२३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवले. एवढ्या उंचीवर विमान उतरल्याचा तो त्या काळचा जागतिक विक्रम ठरला. तीन महिन्यांनी चीनशी युद्ध पेटले. २० ऑक्टोबरला चिप चॅप खोऱ्यातल्या ठाण्यांना माल टाकायला गेलेल्या स्क्वाड्रन लीडर चंदन सिंग यांच्या पॅकेटला जमिनीवरून १९ गोळ्या लागल्या. त्यांनी माल टाकला, विमान परत आणले आणि त्यांना वीर चक्र मिळाले. पण खालची ठाणी एकामागून एक पडत होती. हवेतून टाकलेल्या पिठावर ठाणे जगवता येते, तोफांसमोर टिकवता येत नाही.

म्हणून चुशुलसाठी रणगाडे हवे होते. पॅन्गाँग सरोवराच्या दक्षिणेला, सुमारे १४,००० फुटांवर चुशुलची धावपट्टी होती. ती गेली तर लेहकडची वाट उघडी पडली असती. रस्त्याने रणगाडे वेळेत पोचणे अशक्य. हाताशी होती सोव्हिएत अँटोनोव्ह-१२, वर्षभरापूर्वी आलेली, चार टर्बोप्रॉप इंजिनांची, कागदावर वीस टन उचलणारी. न्यायचे होते विसाव्या लान्सर्सचे एएमएक्स-१३ हलके रणगाडे. ‘हलके’ म्हणजे साधारण साडेचौदा टन.

वजनाच्या आकड्यात रणगाडा बसत होता. अडचण जमिनीची निघाली. विमानाच्या पोटातली जमीन वीस टन पसरलेल्या मालासाठी असते. रणगाड्याचा सगळा भार दोन पट्ट्यांवर एकवटतो. शिवाय या विमानाला मागे स्वतःचा उतार नव्हता; वाहन चढवायचे तर वेगळे उतार लावावे लागत. लाकडी फळ्या अंथरून भार पसरवला, इंधन लागेल तेवढेच भरले आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात सहा रणगाडे चंदीगडहून चुशुलला उतरले. नोव्हेंबरमध्ये रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांची कुमाऊँ कंपनी शेवटच्या गोळीपर्यंत लढली, तेव्हा शेजारच्या गुरुंग टेकडीवरच्या लढाईत याच रणगाड्यांनी मारा केला. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. चुशुल भारताकडे राहिले.

सहा रणगाड्यांनी युद्ध फिरले नाही. पण मालवाहू विमान तोलण्याची पद्धत मात्र त्यांनी बदलली. किती टन, या प्रश्नाला आता जोड मिळाली: कोणती वस्तू, किती चौरस फुटांवर, कोणत्या दारातून?

त्याच नोव्हेंबरात अमेरिकेने सुमारे डझनभर सी-१३० हर्क्युलिस आपल्या वैमानिकांसह पाठवली. त्यांनी लेहला माणसे आणि माल पोचवला. चार टर्बोप्रॉप इंजिने, मागे विमानाचाच उतार, ट्रकाच्या उंचीची जमीन, सगळ्या पोटात हवेचा दाब. अँटोनोव्ह-१२च्या मालाच्या पोटात तो दाब नव्हता. तिथे बसून जाणारे जवान डाकोटातल्यासारखेच विरळ हवेत धापा टाकत. भारताने हर्क्युलिस त्या वेळी पाहिले, वापरताना जवळून पाहिले, पण ते विकत घ्यायला जवळपास अर्धे शतक लागले. त्यात राजकारणाचा वाटा मोठा होता.

२१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सैन्याची फेरबांधणी हे त्यांच्यासमोरचे काम होते आणि वाहतूक त्यातला न दिसणारा पण कळीचा भाग. या काळात आणखी पॅकेट आली. कॅनडाची कॅरिबू आली, छोट्या पट्ट्यांवर उतरण्यात वाकबगार. त्याच सुमारास एक देशी आशाही होती. ब्रिटिश अ‍ॅव्हरो-७४८ कानपूरला बांधले जात होते. पहिले भारतीय अ‍ॅव्हरो १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले आणि त्याला दिवंगत एअर मार्शल सुब्रतो मुखर्जींचे ‘सुब्रतो’ हे नाव दिले गेले. डाकोटांची जागा हे घेईल असे वाटले होते. प्रवासी विमान म्हणून ते चांगलेच होते, वायुदलाने दशकानुदशके वापरले. पण माल भरायचे दार कडेला, मागे उतार नाही, डोंगरांत लागणारे जादा बळ नाही. पुढे काही अ‍ॅव्हरोंना कडेलाच मोठे मालाचे दार बसवले गेले. तरी ते लडाखचे विमान कधीच झाले नाही. देशात बनते आणि देशाला पुरते, या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे त्या प्रकल्पाने शिकवले.

लडाखने याच काळात आणखी एक किंमत वसूल केली. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेले अँटोनोव्ह-१२ खराब हवेमुळे मागे वळले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. आत शंभरावर माणसे होती. पस्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, लाहौलच्या हिमनदीत एका गिर्यारोहण मोहिमेला पहिले अवशेष सापडले. त्यानंतरही बर्फ सरकत गेला तसे मृतदेह मिळत राहिले, अगदी २०२४ पर्यंत. विमान कितीही उचलो, ढगांआड खिंड दिसत नसेल तर ते बळ निरुपयोगी.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डाकोटा, पॅकेट आणि कॅरिबू एकत्रच म्हातारे झाले. आता वायुदलाला एकाच मध्यम आकाराच्या विमानात तिघांचे काम हवे होते, आणि ते ‘उष्ण व उंच’ जागी चालणारे हवे होते. निवडले गेले अँटोनोव्ह-३२. त्याची घडण पाहिली की मागणी कोठून आली ते दिसते. मूळ अँटोनोव्ह-२६चा सांगाडा, मागे उतार, पोटात हवेचा दाब. मात्र इंजिने बदललेली: २,८०० अश्वशक्तीच्या जागी पाच हजारांच्या वरची, अँटोनोव्ह-१२ला लागणाऱ्या एआय-२० कुळातली. म्हणजे चार इंजिनांच्या थोरल्या विमानाच्या कुळातली दोन इंजिने धाकट्याच्या अंगावर. पंखे मोठे, म्हणून इंजिने पंखांच्या वर चढवलेली. सपाटीवर एवढे बळ उधळपट्टी वाटेल. साडेसहा टनांच्या मालाला एवढे लागत नाही. पण लेहच्या विरळ हवेत हीच उधळपट्टी शिल्लक म्हणून हाती राहते. १९८४ पासून ही विमाने आली आणि शंभरावर संख्येने वायुदलाचा कणा बनली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सियाचेनची मोहीम सुरू झाली होती.

सियाचेनने कामाची वाटणी पक्की केली. १९८५ मध्ये आलेले अजस्र इल्युशिन-७६ चंदीगडहून लेहला घाऊक माल आणते. तिथून पुढे अँटोनोव्ह-३२ माल टाकते आणि शेवटचा टप्पा हेलिकॉप्टर गाठते. एका विमानाने सगळे करावे ही अपेक्षा सोडून देणे, हेही मूल्यमापनच होते.

दौलत बेग ओल्डी मात्र साठच्या दशकाच्या मध्यापासून बंद पडले होते. ते पुन्हा उघडले ३१ मे २००८ रोजी. ग्रुप कॅप्टन एस. सी. चाफेकर यांनी त्रेचाळीस वर्षांनी तिथे विमान उतरवले, अँटोनोव्ह-३२. आत पश्चिम हवाई विभागाचे प्रमुख एअर मार्शल बारबोरा होते. आधीच्या प्रस्तावांना नकार मिळत गेल्याने या वेळी आपण लेखी परवानगी मागितलीच नाही, असे बारबोरांनी नंतर सांगितले. प्रयोग यशस्वी झाला, पण दोन इंजिनांच्या विमानाने तिथे फार मोठा बोजा नेणे व्यवहार्य नव्हते. देपसांगमध्ये चिनी सैनिकांनी तळ ठोकल्यानंतर, २० ऑगस्ट २०१३ रोजी, चार इंजिनांचे सी-१३०जे सुपर हर्क्युलिस तिथे उतरले. १९६२ मध्ये पाहुणे म्हणून आलेल्या विमानाचा हा नवा अवतार, २०११ मध्ये वायुदलात दाखल झालेला.

२०२० मध्ये गलवान खोऱ्यातल्या चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर साऱ्या धड्यांची गोळाबेरीज झाली. अधिकाऱ्यांच्या हवाल्याने २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार वायुदलाने ६८ हजारांहून अधिक जवान आणि सुमारे ९० रणगाडे पूर्व लडाखकडे हलवले. १९६२ मध्ये फळ्या अंथरून सहा हलके रणगाडे नेले होते. या वेळी सी-१७ आणि इल्युशिन-७६ मधून मुख्य लढाईचे रणगाडे गेले. ठाण्यांची खूण आधी आणि वाहतुकीचा विचार मागाहून, हा १९६२चा क्रम या वेळी उलटा होता. विमाने, धावपट्ट्या आणि दौलत बेग ओल्डीपर्यंतचा रस्ताही आधी तयार होता. दोन्ही प्रसंगांतला फरक विमानांच्या ताकदीपेक्षा या क्रमात जास्त आहे.

अँटोनोव्ह-३२ आता चाळिशी गाठलेले विमान आहे. अ‍ॅव्हरोंच्या जागी सी-२९५ येऊ लागली आहेत. त्यांच्या वरच्या गटासाठी, १८ ते ३० टन नेणाऱ्या विमानाची माहिती वायुदलाने डिसेंबर २०२२ मध्ये जगभरच्या उत्पादकांकडे मागवली. माहितीपत्रके पुन्हा येतील, पहिल्या पानावर टन असतील. पण आता ते आकडे तपासायची जागा ठरलेली आहे. लढाऊ विमानांच्या मोठ्या स्पर्धेतही २०१० च्या सुमारास वायुदलाने परदेशी विमाने बंगळूर आणि जैसलमेरबरोबर लेहला नेऊन पारखली. सोनम नोर्बू यांनी गावकऱ्यांकडून सपाट करून घेतलेली ती जमीन, आज जगातल्या विमान कंपन्यांची परीक्षेची जागा आहे.